स्वतःचा गुप्त इलिप्टिक कर्व्ह बनवला तर सुरक्षितता वाढते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तुम्ही दोन फोनमध्ये सांकेतिक संदेश पाठवणारं ॲप लिहिताय आणि की ठरवण्यासाठी इलिप्टिक कर्व्ह वापरणार आहात. गाईडनी पी-२५६ हा तयार कर्व्ह वापरायला सांगितलंय. तो अमेरिकेच्या सरकारी संस्थेने ठरवलेला आहे आणि त्यातले आकडे कुठून आले हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून तुम्हाला तो नको आहे. तेव्हा कर्व्हचं समीकरण य² = क्ष³ + अक्ष + ब यातले अ आणि ब आपणच निवडावेत का, आणि ते गुप्त ठेवले तर आणखी बळकटी येईल का?

ॲप लोकांच्या हातात जाणार असेल तर माझं उत्तर आहे नाही, बनवू नका. गुप्त ठेवण्याने तर काहीच मिळत नाही. प्रोजेक्टचा उद्देश हे गणित शिकणं असेल, तर मात्र एक नाही, पन्नास कर्व्ह बनवा आणि बनवलेले मोडून बघा. तुमची शंका चुकीची नाही, फक्त ती चुकीच्या जागी रोखलेली आहे. छोट्या उपकरणांमधला क्रिप्टोचा कोड तपासणं हे माझं गेल्या सोळा वर्षांचं काम आहे. या काळात मी जे जे फुटलेलं पाहिलं, त्यात एकदाही कर्व्हचं समीकरण दोषी नव्हतं. दोष होता तो समीकरणाभोवती लिहिलेल्या चार-पाचशे ओळींमध्ये.

आधी समीकरण काय करतं ते हाताने करून बघू. य² = क्ष³ + ७ घ्या, आणि सगळी गणितं १३ ने भागून उरणाऱ्या बाकीत करा. क्ष च्या १३ किमती तपासल्यात तर ७, ८ आणि ११ या तिघांसाठीच उत्तर मिळतं, कारण तिघांचाही घन ५ येतो, ५ + ७ = १२, आणि १२ हा ५ चा आणि ८ चा वर्ग आहे. म्हणजे सहा बिंदू: (७, ५), (७, ८), (८, ५), (८, ८), (११, ५), (११, ८). त्यांत ‘अनंतावरचा बिंदू’ मिळवला की सात. हा सातवा बेरजेतलं शून्य.

आता प = (७, ५) घ्या आणि त्याची दुप्पट करा. स्पर्शिकेचा चढ म्हणजे ३क्ष² भागिले २य, म्हणजे ३ × १० भागिले १०, म्हणजे ३. त्यावरून २प = (८, ५). पुढे ३प = (११, ८), ४प = (११, ५), ५प = (८, ८), ६प = (७, ८), आणि ७प ला शून्य. हे कागदावर स्वतः करा, पंधरा मिनिटं लागतील, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. प आणि ४प हातात दिले तर ‘४’ शोधणं इथे पोरखेळ आहे. सातच्या जागी ७७ अंकी संख्या आली की तेच अशक्य होतं. हा डिस्क्रीट लॉगचा प्रश्न. व्हिक्टर मिलर आणि नील कोब्लिट्झ यांनी १९८५ मध्ये, एकमेकांशी संबंध न येता, तो कर्व्हवर नेऊन क्रिप्टोसाठी वापरायचं सुचवलं.

पण तेच समीकरण १७ च्या बाकीत घ्या. तिथे प्रत्येक संख्येला एकच घनमूळ असतं, त्यामुळे बिंदू बरोबर १७ + १ = १८ येतात. १९ च्या बाकीत १२ येतात. समीकरण एकच, आणि बिंदू ७, १८, १२. हेल्मुट हासं या जर्मन गणितज्ञांनी १९३० च्या दशकात सिद्ध केलं की ही संख्या प + १ च्या आसपासच राहते (इथे प म्हणजे ज्या मूळ संख्येने भागतो ती), आणि फरक प च्या वर्गमुळाच्या दुपटीपेक्षा जास्त नसतो. त्या पट्ट्यात ती नेमकी कुठे पडेल ते मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. आणि सुरक्षितता ठरते ती या संख्येवर. अ आणि ब ‘दिसायला’ किती विस्कळीत आहेत याचा तिच्याशी संबंध नाही.

वरचे तीन आकडे पुन्हा बघा. ७ ही मूळ संख्या आहे, ते छान. १२ चे तुकडे पडतात. ४ चा आणि ३ चा प्रश्न वेगवेगळा सोडवून उत्तरं जुळवली की झालं. तुमच्या २५६ बिटांच्या कर्व्हवर बिंदूंची संख्या अशी छोट्या छोट्या अवयवांची निघाली, तर २५६ हा आकडा नुसता नावाला उरतो. १८ च्या उदाहरणात दुखणं वेगळं आहे. संख्या बरोबर प + १ असली की मेनेझेस, ओकामोटो आणि वॅनस्टोन यांच्या पद्धतीने अख्खा प्रश्न कर्व्हवरून उचलून साध्या क्षेत्रात, म्हणजे जिथे बिंदू नसून नुसत्या संख्यांचे गुणाकार असतात तिथे, नेता येतो. प २५६ बिटांचा असेल तर ते क्षेत्र ५१२ बिटांचं, आणि तेवढं आज फोडता येतं. तिसरं दुखणं म्हणजे संख्या बरोबर प इतकीच निघणं. मग तर लॅपटॉपवर क्षणात उत्तर येतं. हे १९९० च्या दशकाच्या शेवटी तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं.

तेव्हा कर्व्ह ‘बनवणं’ म्हणजे अ आणि ब निवडणं नव्हे. निवडल्यावर बिंदू मोजायचे, संख्या मूळ आहे का बघायचं, ती प च्या बरोबरीची नाही आणि साध्या क्षेत्रात नेऊन सुटणारी नाही याची खात्री करायची, आणि नापास झाला की पुढचा घ्यायचा. २५६ बिटांवर काहीशे कर्व्ह टाकून द्यावे लागतात तेव्हा एक हाती लागतो. मोजण्याची वेगवान पद्धत रेने शूफ यांनी १९८५ मध्ये दिली. एल्कीस आणि ॲटकिन यांच्या सुधारणांसह ती पारी आणि सेज या फुकट मिळणाऱ्या प्रणालींमध्ये आहे, आणि एका कर्व्हला फार वेळ लागत नाही. शिकण्यासाठी हे जरूर करा. मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच काम देते.

‘गुप्त’ ठेवण्याचं काय? तुमच्या ॲपमधून बाहेर जाणारी प्रत्येक सार्वजनिक की हा कर्व्हवरचा एक बिंदू असतो. वरच्या उदाहरणातले (७, ५) आणि (८, ५) कुणी पकडले असं समजा. य² − क्ष³ काढलं तर दोन्हीकडे ७ येतात. म्हणजे ७अ + ब = ७ आणि ८अ + ब = ७. वजाबाकी केली की अ = ०, ब = ७. दोन संदेशांत तुमचा गुप्त कर्व्ह उघडा. भाजक मूळ संख्या माहीत नसली तरी आणखी दोन-तीन बिंदूंवरून मसावि काढून तीही मिळते. गुप्त राहायला हवी फक्त खासगी की. प्रणाली शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे हे तत्त्व केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडलं होतं.

आता तुमच्या अविश्वासाकडे येते, कारण त्याला खरा आधार आहे. पी-२५६ चा ब एका बीज-संख्येवरून यंत्राने काढलेला आहे, पण तेच बीज का घेतलं याचं स्पष्टीकरण दिलेलं नाही. त्यातून कर्व्ह मोडण्याची वाट आजवर कुणाला सापडलेली नाही, तरी स्पष्टीकरण नसणं हा उणेपणाच आहे. लोक याच्याशी ज्याची गल्लत करतात तो ड्युअल ईसी नावाचा यादृच्छिक संख्या देणारा प्रकार. त्यात कर्व्हचा दोष नव्हता. ठरवून दिलेल्या दोन बिंदूंमधलं गुपित नातं ज्याला ठाऊक असेल, त्याला पुढच्या सगळ्या संख्या सांगता येतील, हे शुमो आणि फर्ग्युसन यांनी २००७ मध्ये दाखवलं. एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये फोडलेल्या अमेरिकी गुप्तचर कागदपत्रांनंतर संशय पक्का झाला आणि २०१४ मध्ये ते मानकातून काढलं गेलं.

या अविश्वासावरचा उपाय म्हणजे ज्याच्या प्रत्येक आकड्यामागे कारण लिहिलेलं आहे असा कर्व्ह. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या कर्व्ह-२५५१९ मध्ये मूळ संख्या आहे २ चा २५५ वा घात वजा १९, आणि समीकरण आहे य² = क्ष³ + ४८६६६२क्ष² + क्ष. ४८६६६२ हा विचित्र आकडा आधी लिहून ठेवलेल्या अटी पाळणारा सर्वांत लहान म्हणून आला आहे. त्या अटी तुम्ही स्वतः चालवून बघू शकता. सुरुवातीच्या बिंदूचा क्ष निर्देशक चक्क ९ आहे. पी-२५६ वर मन बसत नसेल तर गाईडना हा सुचवा, त्यांची हरकत नसावी. मात्र तुमच्या ॲपला बँकेच्या किंवा सरकारी प्रमाणपत्रांशी बोलायचं असेल तर बहुधा पी-२५६ च लागेल, आणि ते घ्यायला मी कचरणार नाही.

‘२५६ बिटच का पुरतात, आरएसएला तर ३०७२ लागतात’ हेही तुम्ही विचारलंय. चांगल्या कर्व्हवर माहीत असलेला सर्वांत वेगवान हल्ला पोलार्ड यांचा, आणि त्याला बिंदूंच्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या पायऱ्या लागतात. २५६ चे निम्मे म्हणजे १२८ बिट. प्रत्यक्षात काय जमतं त्याचा अंदाज म्हणून सांगते: २००९ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या संशोधकांनी दोनशेहून अधिक प्लेस्टेशन-३ यंत्रं जोडून ११२ बिटांचा कर्व्ह फोडला. दर दोन बिटांना काम दुप्पट होतं, तेव्हा तिथून २५६ पर्यंत २ चा ७२ वा घात इतकं अंतर उरतं. आरएसए ही जुनी पद्धत मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असण्यावर उभी आहे. पण अवयव पाडायच्या चाळण्या आहेत, म्हणजे छोट्या मूळ संख्यांत फुटणाऱ्या संख्या वेचून काढणाऱ्या पद्धती, आणि त्या वर्गमुळापेक्षा कितीतरी वेगाने काम करतात. कर्व्हवरचा बिंदू असा ‘छोट्या मूळ बिंदूंत’ फोडता येत नाही, म्हणून चाळणी लावायला जागा मिळत नाही.

मग घनच का, वर्ग का नाही, हा विद्यार्थ्यांचा ठरलेला प्रश्न, आणि मला तो फार आवडतो. कारण दुसऱ्या घाताच्या वक्रावरची बेरीज आपल्याकडे फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात वर्गप्रकृतीच्या दोन उत्तरांवरून तिसरं काढायची ‘भावना’ दिली, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास चक्रवाल पद्धतीत तीच वापरली. य² − नक्ष² = १ या वक्रावरच्या बिंदूंची ती बेरीजच आहे. पण सांत क्षेत्रात, म्हणजे वरच्या १३ च्या बाकीसारख्या मोजक्या संख्यांत, हा वक्र घेतला तर त्याचा गट (म्हणजे बिंदू आणि त्यांची बेरीज) साध्या क्षेत्रातल्या गुणाकारासारखाच निघतो, आणि तिथे चाळण्या चालतात. उलट, घात वाढवून हायपरइलिप्टिक वक्र घेतले तर त्यांच्या गटातला घटक म्हणजे अनेक बिंदूंचा समूह असतो, आणि तो पुन्हा तुकड्यांत पाडता येतो. वक्राचा जीनस (त्याच्या गुंतागुंतीचं एक माप) ३ किंवा त्याहून जास्त असला की पियेर गॉद्री आणि त्यांच्यानंतरच्या लोकांच्या पद्धतींनी वर्गमुळापेक्षा कमी श्रमात काम होतं. जीनस २ तगून आहे, त्यात क्षेत्र निम्म्या लांबीचं पुरतं आणि वेगही चांगला मिळतो, पण व्यवहारात तो मागे पडला. जीनस १, म्हणजे इलिप्टिक, ही दोन्ही बाजूंच्या मधली जागा.

आता मूळ मुद्दा. ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले तो हा.

१३ च्या उदाहरणातलं दुपटीचं सूत्र पुन्हा वाचा. ३क्ष² भागिले २य. त्यात ७ कुठे आहे? कुठेच नाही. बेरजेच्या सूत्रातही नाही. ब हा आकडा गणितात कधी वापरलाच जात नाही. म्हणजे मी तुमच्या प्रोग्रामला (५, ०) हा बिंदू पाठवला, तर तो मुकाट्याने गणित करेल. हा बिंदू तुमच्या कर्व्हवर नाही, तो य² = क्ष³ + ५ वर आहे, आणि त्याची दुप्पट शून्य आहे. तुमच्या खासगी कीने त्याला गुणलं की उत्तर एकतर शून्य येतं, नाहीतर (५, ०). शून्य आलं तर की सम, नाहीतर विषम. एका प्रश्नात तुमच्या कीचा एक बिट माझ्याकडे आला. बिंदू स्वतःत कितीदा मिळवला की शून्य येतं, त्या संख्येला त्याची कोटी म्हणतात; (५, ० ) ची कोटी २. मग कोटी ३ असलेला बिंदू, ५ असलेला, ७ असलेला, ११ असलेला, असं करत गेले की प्रत्येक वेळी कीची एकेक बाकी मिळते, आणि त्या बाक्या जोडून अख्खी की उभी राहते. तुमचा कर्व्ह कितीही काळजीने निवडलेला असो, हल्ला त्या कर्व्हवर होतच नाही.

काही वर्षांपूर्वी एका उत्पादकाचं दाराचं इलेक्ट्रॉनिक कुलूप माझ्याकडे तपासायला आलं होतं. कर्व्ह पी-२५६, लायब्ररी नावाजलेली, कुलपाची खासगी की कारखान्यातच भरलेली आणि कायमची. फोन आपला बिंदू पाठवणार, कुलूप सामायिक गुपित काढून त्यावरून शिक्का मारलेलं उत्तर देणार. कोड वाचताना बिंदू तपासणारं फंक्शन दिसलं, आणि त्याला बोलावणारी ओळ बंद करून ठेवलेली. शेजारी टीप होती: ‘दार उघडायला उशीर होतो’. उशीर होत होता हे खरंच. त्या फंक्शनमध्ये दोन तपासण्या होत्या. पहिली, बिंदू समीकरणात बसतो का. त्याला चार-पाच गुणाकार लागतात, वेळ नगण्य. दुसरी, बिंदूला संपूर्ण कोटीने गुणून शून्य येतं का. ही खर्चीक, तिनेच दार उघडण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट होत होता. पी-२५६ वर दुसरीची गरजच नाही, कारण तिथे बिंदूंची संख्या मूळ आहे. समीकरणात बसणारा आणि शून्य नसलेला कुठलाही बिंदू आपोआप पूर्ण कोटीचा असतो. महागडी अनावश्यक तपासणी काढताना तिच्यासोबत फुकटातली अत्यावश्यक तपासणीही गेली होती. आम्ही शंभराच्या आत विनंत्या पाठवल्या, दर वेळी शिक्का कुठल्या बाकीशी जुळतो ते लॅपटॉपवर पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत कुलपाची की कागदावर होती. ज्या मुलाने ती ओळ बंद केली होती तो हुशार होता. ‘ब वापरलाच जात नाही’ एवढं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगतेय. स्वतःचा कर्व्ह स्वीकारणारा कोड लिहिलात की आणखी एक दार उघडतं. जानेवारी २०२० मध्ये विंडोजमधला असा दोष जाहीर झाला. प्रमाणपत्रातली सार्वजनिक की ओळखीची आहे एवढंच तिथे पाहिलं जात होतं, सोबत आलेले कर्व्हचे आकडे, विशेषतः सुरुवातीचा बिंदू, मानकातलेच आहेत का हे नीट पाहिलं जात नव्हतं. हल्लेखोराने सुरुवातीचा बिंदू म्हणून ती सार्वजनिक कीच दिली की खासगी की झाली १. गणितात फोडण्यासारखं काही उरलंच नाही. ज्या कोडला एकच कर्व्ह ठाऊक आहे आणि दुसरा घ्यायची सोयच नाही, तो कोड इथे वाचतो.

तुमच्या ॲपमध्ये संदेशांवर सहीसुद्धा असेल तर आणखी एक. ईसीडीएसए या कर्व्हवरच्या सहीच्या पद्धतीत प्रत्येक सहीला नवी गुप्त संख्या लागते. ती दोन सह्यांत तीच राहिली तर शाळेतल्या दोन समीकरणांच्या वजाबाकीने खासगी की निघते. प्लेस्टेशन-३ ची सही करायची की २०१० मध्ये अशीच बाहेर आली. एड-२५५१९ या कर्व्ह-२५५१९ वर आधारलेल्या सहीच्या पद्धतीत ही संख्या संदेश आणि की यांच्यावरूनच काढली जाते, यादृच्छिक संख्या देणाऱ्यावर ते अवलंबून राहत नाही. तीच वापरा.

क्वांटमबद्दल थोडक्यात. पुरेसा मोठा क्वांटम संगणक आला तर पीटर शोर यांच्या १९९४ च्या पद्धतीने हे सगळे कर्व्ह मोडतील, पी-२५६ही आणि तुमचा स्वतःचाही. आज पकडून ठेवलेला संदेश तेव्हा वाचला जाऊ नये अशी गरज असेल, तर एक्स-२५५१९ च्या (म्हणजे कर्व्ह-२५५१९ वर की ठरवायच्या पद्धतीच्या) जोडीला एमएल-केम ही क्वांटम संगणकापुढेही टिकावी म्हणून बनवलेली पद्धत लावा. त्याचं मानक ऑगस्ट २०२४ मध्ये आलं आहे. दोन्हींतून मिळालेली गुपितं एकत्र करून की काढायची. तुमच्या प्रोजेक्टला हे लागेल असं मला वाटत नाही, पण परीक्षक नक्की विचारतील.

तर कामाला असं लागा. ॲपसाठी तयार लायब्ररीतला एक्स-२५५१९ घ्या आणि सामायिक गुपित शून्य आलं तर जोडणी तिथेच तोडा. या कर्व्हवर बिंदूंची संख्या ८ गुणिले मूळ संख्या आहे, त्यामुळे छोट्या कोटीचे बिंदू तिथे खरोखर असतात. रिपोर्टमध्ये मात्र स्वतः बनवलेल्या कर्व्हचं वेगळं प्रकरण ठेवा: ४० बिटांचा एक कर्व्ह, सेजमध्ये मोजलेले बिंदू, पोलार्डच्या पद्धतीने लॅपटॉपवर फोडायला लागलेला वेळ. मग ६० बिटांचा घ्या आणि वेळ हजारपट होतो का ते बघा. आणि सगळ्यात आधी १३ चा छोटा प्रोग्राम लिहा, बिंदूची तपासणी न घालता. त्याला (५, ०) पाठवा, खासगी की २ ठेवून एकदा आणि ३ ठेवून एकदा, आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापा. दुपटीच्या सूत्रात २य ने भागताना प्रोग्राम शून्याने भागायला जाऊन आपटला, तर ती जागा नीट बघून ठेवा, कारण ‘य शून्य असेल तर उत्तर शून्य बिंदू’ ही ओळ लिहायची राहिलेली खऱ्या उपकरणांतही मी दोनदा पाहिली आहे.